हरकत नसल्यास बंद

घरतदादांना फोनवर कुणी "हो, झालं" असं सांगितलं, तरी ते रिसीव्हर खाली ठेवत नसत. तसाच कानाला धरून, डोळे मिटून बसत. पलीकडचा माणूस दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" करी, वैतागून फोन ठेवून देई, तरी यांचं ऐकणं चालूच. मग सावकाश रिसीव्हर ठेवून आमच्याकडे वळत आणि निकाल देत, "नाय झालेलं. ह्यो 'हो' जेवाच्या घाईतला हाय."

पहिल्या दिवशी मला वाटलं, गृहस्थांना कमी ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, डोक्यानेच थोडे कमी आहेत. ही दोन्ही मतं मी ऑफिसात चहा पिताना बोलूनही दाखवली होती, ते आधीच सांगून टाकतो. पुढे याहून वाईट सांगायचं आहे, तेव्हा सुरुवात छोट्या पापापासून केलेली बरी.

दोन हजार बारा-तेराची गोष्ट. पनवेलहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कंटेनर यार्डात मी कॉम्प्युटरवाला म्हणून लागलो होतो. जहाजातून उतरलेले कंटेनर आमच्याकडे येऊन पडत आणि कागदपत्रं झाली की ट्रेलरवर चढून निघून जात. एवढ्या मोठ्या यार्डात रोज काहीतरी मोडे. क्रेनचा हॉर्न बंद, खांबावरचा दिवा गेला, गेटचा दांडा वर जाईना, संडासाला पाणी नाही. या सगळ्या तक्रारी कॉम्प्युटरवर नोंदवायची सिस्टीम माझ्या गळ्यात होती. आम्ही प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणायचो. घरतदादा तक्रारच म्हणत. "तिकीट येश्टीत," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

प्रत्येक तक्रारीची चार घरं होती. नवी, कामात, झालं आणि बंद. फिटरने काम केलं की तो तिला 'झालं' मध्ये ढकली. तिथून 'बंद' मध्ये ढकलायचं बटण मात्र एकट्या घरतदादांच्या हातात. आणि ते बटण दाबताना दादांचा हात इतका जड होई, की बघणाऱ्याला वाटावं हे स्वतःच्या मुलीची पाठवणी करताहेत.

पन्नाशी ओलांडलेला माणूस, काळासावळा, ताठ. टेबलाच्या खणात फायलींऐवजी बुटांचा जोड, कारण दिवसातून चार वेळा यार्डात चालत जाऊन प्रत्येक दुरुस्तीला स्वतः हात लावून बघायचा. खिशात दाढीचा छोटा आरसा. तो ट्रेलरखालची गळती बघायला. तक्रारींचे नंबर त्यांना कधी आठवले नाहीत, पण प्रत्येकीची तब्येत ठाऊक असे. "ती वजनकाट्याची अजून जागी हाय," म्हणजे काम बाकी. "ती झोपली," म्हणजे बंद. आणि मी घाई केली की ठरलेलं वाक्य, "बाला, तक्रार झोपवाची अस्ते, माराची नाय."

आता गंमत अशी, की 'झालं'च्या घरात तक्रारींची गर्दी उसळली होती. चारशेच्या वर झोपेला आलेल्या तक्रारी आणि अंगाई म्हणणारा एकटा माणूस. आमचे मॅनेजर सावंत साहेब दर सोमवारी वरच्या ऑफिसला एक तक्ता पाठवत. त्यात बंद न झालेली तक्रार लाल दिसे. तो तक्ता बघून वरून जे काही ऐकू येई, ते साहेब खाली येऊन आम्हाला ऐकवत. शेवटी एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे घरत जे डोक्याने करतात ना, ते सगळं सिस्टीममध्ये घाल. अमुक असेल तर तमुक. आपोआप पुढे सरकलं पाहिजे. माणूस मध्ये नको."

मी लगेच हो म्हणालो. चोविसाव्या वर्षी माणूस कुठल्याही गोष्टीला हो म्हणतो.

मग आठ दिवस मी दादांच्या शेजारी वही घेऊन बसलो. ते बटण कधी दाबतात, कधी नाही, याचे नियम काढायचे होते. मला वाटलं, आपला अधिकार जातोय म्हटल्यावर माणूस तोंड शिवून बसेल. कसलं काय! इतकी वर्षं कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे दादा भडाभडा बोलत सुटले. दुपारी स्वतःचा डबा माझ्याकडे सरकवत. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी अर्धा डबा संपवायचो, एका हाताने नियम लिहायचो.

आणि नियम तरी कसे! दिव्याची तक्रार दिवसा बंद करायची नाही. बायकांच्या संडासाची तक्रार असेल तर दुरुस्त करणाऱ्याला विचारायचं नाही, झाडणारीला विचारायचं. युसुफभाई फिटरने हात लावला असेल तर डोळे मिटून बंद. दुसऱ्या फिटरने लावला असेल तर दोन दिवस थांबायचं, कारण त्याचं काम दोन दिवस टिकतं. साहेबांच्या एसीची तक्रार विचारायचीच नाही. गार झाला नाही तर साहेब आपणहून आमच्या खोलीत येऊन बसतात. ज्याने 'अर्जंट' लिहिलंय त्याला नंतर फोन करायचा.

"नंतर का दादा? आधी ना?"

"अर्जंटवाला सोताच फोन करतो रं. ज्यानं काय लिवलं नाय, त्याला आदी."

ट्रेलरच्या ड्रायव्हरला फोन केला, तर आधी विचारायचं, "जेवलास काय?" नाही म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारायचाच नाही. उपाशी माणूस फोन संपवायला कशालाही हो म्हणतो. आणि हो ऐकल्यावर गप्प बसून ऐकायचं. शेजारी मुकादम उभा असला की हो वेगळा येतो, कंटाळलेला हो वेगळा, आणि खरा हो आला की त्याच्यामागोमाग माणूस आपणहून आणखी एक वाक्य बोलतो.

"दादा, सिस्टीममध्ये हो एकच असतो."

"मंग तुजी सिस्टीम बहिरी हाय," दादा म्हणाले आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

हे सगळं ऐकून मी काय केलं? एक नियम ठेवला. फिटरने 'झालं' केलं की तक्रार करणाऱ्याच्या मोबाइलवर एक मेसेज जाईल. तीन दिवसांत 'नाही' असं उत्तर आलं नाही, तर तक्रार आपोआप बंद. हरकत नसल्यास बंद. एक ओळ. आठ दिवसांच्या वहीतून मी एवढंच घेतलं.

बाकीच्या वहीचा उपयोग मी वेगळा केला. वरच्या ऑफिसची मंडळी आली होती, त्यांना प्रोजेक्टरवर सगळं दाखवायचं होतं. रुक्ष होऊ नये म्हणून मी सुरुवातीलाच एक आकृती टाकली. चौकोन, बाण, आणि मधोमध एका शंकरपाळ्यात ठळक अक्षरांत, "जेवलास काय?" तिथून दोन बाण, एकावर 'हो', एकावर 'नाही'. वर मथळा, 'घरत पद्धत'. खोलीत हशा पिकला. वरचे एक साहेब तर डोळे पुसत होते. मी आणखी चेकाळलो आणि दादांसारखा कानाला हात लावून, डोळे मिटून, 'हो' ऐकण्याची नक्कलही करून दाखवली.

दादा मागच्या खुर्चीवर होते. तेही हसले. तोंडावर हात धरून हसले आणि म्हणाले, "माजाच फोटू लावलास रं." मग समोसे आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. दुपारी मी ज्या माणसाच्या डब्यात हात घातला होता, त्याच माणसाला भर सभेत उघडं पाडलं होतं. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते माझ्या गावीही नव्हतं. त्यांच्या वाटणीचा समोसाही मीच खाल्ला.

त्या दुपारी मी नियम चालू केला. चारशे मेसेज गेले, तीन दिवस गेले, आणि चारशे तक्रारी एका झटक्यात झोपल्या. तक्ता हिरवागार. सावंत साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. दादांकडे आता बटण उरलं नाही, म्हणून त्यांना गेटवर पास लिहायला पाठवलं. त्यांनी खणातले बूट पिशवीत घातले, टेबल पुसलं आणि गेले.

गेटवर जाऊन माणूस सुधारेल असं वाटलं होतं, पण नाव नको. जेवणाच्या सुट्टीत दादा यार्डभर फिरत. स्वतःच्या मोबाइलवरून जुन्या तक्रारवाल्यांना फोन लावत. पास लिहिता लिहिता ड्रायव्हरला मागच्या महिन्यातल्या दिव्याचं विचारत, मागे ट्रेलरची रांग लागे. साहेबांनी दोनदा तंबी दिली. आम्ही ऑफिसात हसायचो. जित्याची खोड, दुसरं काय.

महिन्याभराने एका दुपारी दादा माझ्या टेबलापाशी आले. हातात प्लास्टिकची बाटली, पाण्याने भरलेली. टेबलावर ठेवली.

"पी."

"काय आहे दादा?"

"पानीच हाय. पी."

मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. खारं पाणी. बेसिनकडे धावलो.

"ही तक्रार बंद हाय," दादा म्हणाले. "तुज्या यादीत हिरवी हाय."

मी सिस्टीम उघडून बघितली. यार्डाच्या पार टोकाला रिकामे कंटेनर झाडून धुणाऱ्या सात-आठ बायका होत्या. त्यांच्या प्यायच्या नळाला कुणीतरी कंटेनर धुण्याच्या बोअरची लाइन जोडून दिली होती. आमच्याकडे खाडी जवळ, बोअरला सगळं खारं पाणी. बायकांनी दादांकडे येऊन तोंडी तक्रार सांगितली, दादांनी ती नोंदवली. 'नळाचं पाणी' एवढं वाचून प्लंबर गेला, गळणारा नळ घट्ट करून आला आणि 'झालं' मध्ये ढकलून मोकळा झाला. मग मेसेज गेला. पण कुणाला? माझ्या फॉर्ममध्ये मोबाइल नंबर सक्तीचा होता, त्याशिवाय तक्रार नोंदवलीच जात नव्हती. बायकांकडे फोन नव्हते, म्हणून दादांना मुकादमाचा नंबर टाकावा लागला होता. मेसेज इंग्रजीत, मुकादमाच्या फोनवर. तीन दिवस कुणी नाही म्हणालं नाही. बंद.

"महिनाभर घरून रिकामी कलशी आनतात," दादा म्हणाले. "त्या टोकापासून गेटच्या नलापर्यंत उन्हात चालत येतात, आन् डोक्यावर पानी नेतात."

मी घाईघाईने ती तक्रार परत उघडायला गेलो. उघडेना. 'बंद' मधून मागे यायची वाटच मी ठेवली नव्हती. मला सुचलंच नव्हतं, की बंद झालेलं काही चुकीचं असू शकतं. दादा शेजारी उभे राहून बघत होते आणि मी चारचारदा तेच बटण दाबत होतो. शेवटी नवी तक्रार नोंदवली.

"मुदत किती हाय तुज्या नियमात?" त्यांनी विचारलं.

"तीन दिवस."

"आमाला तीस व्हती."

मला कळलं नाही. दादांनी खुर्ची ओढली आणि बसले. कुठल्या खांबावरचा दिवा गेलाय ते सांगावं, तशा आवाजात बोलायला लागले.

"आमचं मिठागर व्हतं. परकल्पासाठी जमीन घेनार, म्हनून कागुद आयला. आमच्या नावापुढं लिवलेलं, पडीक. माजा बापूस रोज पाटंला मिठागरात जाचा, आन् कागुदावर पडीक. त्यो बोल्ला, सायेब येल ना इचाराला, तवा सांगू, का पडीक नाय. धुतलेला सदरा घालून रोज बांधावर जाऊन बसाचा. सायेब आयला तर मलक्या कपड्यात नको. तीस दिस बसला. कोन आयला नाय. मंग दुसरा कागुद आयला. हरकत आयली नाय, म्हनून पडीकच."

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"गप मानूस म्हंजे त्याचं काय म्हननं नाय, असं नस्तं बाला. कवा कवा त्यो वाट बगत अस्तो." बाटली उचलून ते गेटवर निघून गेले. मोठ्याने बोलले असते, आकृतीची आठवण काढली असती, तर मला सोपं गेलं असतं. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. चारशे तक्रारींत आणखी किती जणांचं तोंड खारट झालं असेल, ते शोधायचीही सोय माझ्या सिस्टीममध्ये नव्हती.

तसाच उठून मी सावंत साहेबांच्या केबिनकडे गेलो. नियम काढू, दादांना परत बसवू, हे सगळं बोलायचं ठरवून गेलो. साहेब फोनवर होते. मला बघून त्यांनी हात वर केला, फोनवर हात ठेवून म्हणाले, "अरे, तुझंच नाव घेतोय वरती. बोल, काय?"

दारात उभ्या उभ्या माझा धीर सुटला.

"काही नाही सर."

"बरं," म्हणाले आणि परत फोनला लागले.

पुढे महिन्याभराने मी ते बोललो. नियम अर्धामुर्धा बदलला. बंद तक्रार परत उघडायची वाट झाली, फोन नसलेल्यांच्या तक्रारी दादांकडे जायला लागल्या, आठवड्यातले दोन दिवस ते पुन्हा त्यांच्या टेबलाशी बसू लागले. पण तोवर कर्नाळ्याच्या बाजूच्या एका दुसऱ्या कंपनीत माझी नोकरी पक्की झाली होती, म्हणून बोललो. त्यात शौर्य काही नव्हतं. त्या दिवशी मात्र मी गप्प राहिलो आणि साहेबांनी माझी काही हरकत नाही असंच धरलं.

त्याच दिवशी साडेपाचला मी गेटवर गेलो. दादा पासांची वही बंद करत होते. मी म्हटलं, "दादा, साहेबांशी बोलायला गेलो होतो. दारातून परत आलो. नाही बोललो." त्यांची नक्कल केली त्याबद्दलही काहीतरी पुटपुटलो. ते धड वाक्यही झालं नाही.

मला वाटलं, आता तरी चिडतील. त्यांनी पायाने स्टूल माझ्याकडे ढकललं.

"त्यो कागुद घरात कोनी वाचला, ठाव हाय?" ते म्हणाले. "मी. धाव्वीला व्हतो. घरात शिकलेला मीच येकला. बापूस समोर बसलेला, मी वाचत व्हतो. शेवटाला बारीक अक्षरात येक वल व्हती, हरकत अस्ली तर तीस दिसात हापिसात लिवून द्यावी. बाहेर पोरं थांबलेली, मना खेलाला जाचं व्हतं. म्हटलं, शेवटाची वल, काय अस्नार तिच्यात. नाय वाचली."

बाहेर ट्रेलर हॉर्न वाजवत होते. दादांनी वहीला रबर लावलं.

"बापूस बांधावर बसाचा ना, मना वाटाचं, सायेब येलच. दुसरा कागुद आयला तवा ती वल आठवली."

"मग सांगितलंत त्यांना?"

त्यांनी मान हलवली. "तवा नाय सांगितलं. मंग रोज वाटाचं, उद्या सांगू. मंग मोठा झालो, जमीन गेलेल्यांच्या घरातला म्हनून हितं नोकरी लागली. त्याच जमिनीवर. मंग तर कसं सांगनार?"

मी चाचरत विचारलं, "वडील आता…"

"हाय ना. घरी हाय. नव्वदीला आयलाय. डोल्यांनी दिसत नाय, पन कान चांगलं हायत." दादा उठले, डब्याची पिशवी खांद्याला लावली. "संध्याकाली मी घरात शिरलो का पाय वलखतो. आन् कवा कवा इचारतो अजून, काय रं, त्यो सायेब आयला व्हता काय?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"नाय आयला, म्हन्तो. येल," दादा म्हणाले आणि खिडकी लावून घेऊन घरी जायला निघाले.